अमिक्सरला रूटचे हक्क कशाला?

प्रश्न : संगणक कक्षात लिनक्सवर विद्यार्थ्यांना आवाज कमी-जास्त करता यावा म्हणून अमिक्सरला (amixer, आवाजाची पातळी बदलणारी कमांड) सेटयूआयडी रूट दिले आहे, म्हणजे ती कोणीही चालवली तरी रूटच्या, अर्थात सर्वाधिकारी प्रशासकाच्या, हक्कांनी चालते. चालेल का?

उत्तर : नको, आजच काढा. रूट होऊन अमिक्सरच्या फाइलवर ‘चमॉड यू-एस’ (chmod u-s, हा खास हक्क काढणारी कमांड) चालवा. मग फाइलचे हक्क दाखवणाऱ्या ‘एलएस -एल’मध्ये (ls -l) मालकाच्या हक्कांत ‘एस’ऐवजी ‘एक्स’ दिसायला हवा. अमिक्सर ज्या अल्सा (ALSA, लिनक्सची ध्वनियंत्रणा) लायब्ररीवर चालतो, ती वापरकर्त्याच्या होम फोल्डरमधली सेटिंग फाइल वाचते आणि तिच्यातून प्लगइनही (बाहेरचा जोड-कोड) लोड होऊ शकते. परक्याने लिहिलेली फाइल रूटच्या हक्काने वाचणे म्हणजे घराची किल्ली दारातच ठेवणे.

अमिक्सरला फक्त साउंड कार्डाच्या डिव्हाइस फाइल्स उघडता आल्या की पुरते. त्यांचा मालक बहुधा रूट, ग्रुप ऑडिओ आणि परवानगी ६६० असते, म्हणजे मालक व ग्रुपला वाचता-लिहिता येते, इतरांना काहीच नाही. सिस्टमडी (systemd, लिनक्सच्या सेवा सांभाळणारी प्रणाली) असलेल्या डेस्कटॉपवर समोर बसून लॉगिन केलेल्याला तिचा लॉगिन सांभाळणारा भाग, लॉगिनडी, या फाइल्स उघडण्याची परवानगी आपोआप देतो. सगळ्यांना सरसकट ऑडिओ ग्रुपमध्ये टाकू नका : एसएसएचने (नेटवर्कवरून दूरस्थ लॉगिन) बाहेरून आलेला सदस्यही मायक्रोफोन ऐकू शकतो. टाकलेच, तर पुन्हा लॉगिन केल्याशिवाय बदल लागू होत नाही.

रूट लागतो तो आवाजाच्या पातळ्या जतन करणाऱ्या ‘अल्सासीटीएल स्टोअर’ला (alsactl store), कारण त्या सिस्टमच्या फाइलमध्ये लिहायच्या असतात. सुडोमध्ये (sudo, ठरावीक कमांड रूटच्या हक्काने चालवू देणारी सोय) नेमकी तेवढीच कमांड, पूर्ण पाथसह द्या.