जुना बल्बचा टॉर्च लांब जातो आणि नवा एलईडी अंगणातच थांबतो, असं का?

तुम्ही हे विचारलंत, शिवाय धुक्यात कोणता उजेड चालतो आणि जुन्या टॉर्चात एलईडी बल्ब टाकावा का हेही. आधी सरळ उत्तर देतो, मग कारणं. तुमच्या बाबांचा तीन सेलचा पितळी टॉर्च कलमांच्या बागेतल्या शेवटच्या गडग्यापर्यंत (दगडी कुंपणापर्यंत) जातो आणि नवीन रिचार्जेबल एलईडी अंगण लख्ख करून तिथेच संपतो, यात बल्बचा काही पराक्रम नाही आणि एलईडीचाही दोष नाही. सगळी करामत पुढच्या चकचकीत वाटीची आहे, म्हणजे रिफ्लेक्टरची. एलईडीला तसा रिफ्लेक्टर दिला की बल्ब जवळपासही फिरकत नाही. फक्त एका बाबतीत बल्ब अजून भारी आहे, ते पुढे येईलच.

बॉक्सवर जे ल्युमेन छापलेले असतात ना, तो टॉर्चमधून बाहेर पडणारा एकूण उजेड. तो गेला कुठे हे त्यात कळत नाही. लांब जायचा हिशोब कॅन्डेलात असतो, म्हणजे झोताच्या मधोमध उजेड किती दाट आहे. टॉर्चसाठी एएनएसआय एफएल१ म्हणून अमेरिकन स्टँडर्ड आहे, त्यात ‘बीम डिस्टन्स’ म्हणजे जिथे पोचेपर्यंत उजेड ०.२५ लक्स उरतो ते अंतर (लक्स म्हणजे एखाद्या जागेवर किती उजेड पडतो त्याचं माप), साधारण स्वच्छ आभाळातलं पौर्णिमेचं चांदणं धरा. गणित अगदी सोपं आहे, कॅन्डेलाचं वर्गमूळ काढायचं आणि दुप्पट करायचं. २,५०० कॅन्डेला असतील तर १०० मीटर, १०,००० असतील तर २०० मीटर. अंतर डबल हवं तर कॅन्डेला चौपट लागतात, म्हणून दुप्पट ल्युमेनचा टॉर्च घेतला तरी झोत तेवढाच रुंद असेल तर अंतर जेमतेम ४० टक्के वाढतं आणि लोक म्हणतात पैसे वाया गेले. आणि हो, चांदण्याइतक्या उजेडात काहीतरी हललं एवढंच कळतं. ते रानडुक्कर आहे की शेजारच्यांचं कुत्रं हे ओळखायचं तर निदान १ लक्स तरी हवा, म्हणजे बॉक्सवरचं अंतर सरळ अर्धं करून धरा.

आता तुमच्या दोन टॉर्चचा हिशोब करू. जुन्याचा बल्ब काढून त्याच्या मानेवर बघा, ३.८ व्होल्ट ०.३ अँपिअर असं काहीतरी असेल. म्हणजे सव्वा वॅटपेक्षाही कमी, आणि साधा टॉर्चचा बल्ब वॅटला दहाएक ल्युमेन देतो. म्हणजे एकूण उजेड दहा-बारा ल्युमेन, बस! पण तो जर ८ अंशाच्या झोतात कोंबला तर १० ल्युमेनचे साडेसहाशे कॅन्डेला होतात, म्हणजे ५० मीटर. तुमच्या नव्या एलईडीत समजा खरंच ३०० ल्युमेन आहेत आणि तो ६० अंशात पसरतोय, तर कॅन्डेला साडेतीनशेच्या आसपास आणि अंतर ३८ मीटर. तीसपट उजेड असूनही मागे. हेच ३०० ल्युमेन ८ अंशात घातले असते तर २८० मीटर गेले असते. (काचेत आणि रिफ्लेक्टरमध्ये जो लॉस होतो तो धरलेला नाही, प्रत्यक्षात सगळेच आकडे थोडे खाली येतील, पण क्रम हाच राहतो.)

मग कंपन्या सगळ्याच एलईडीला अरुंद झोत का देत नाहीत? कारण उजेड जितक्या छोट्या ठिपक्यातून निघेल आणि रिफ्लेक्टर जितका मोठा असेल तितकाच झोत बारीक होतो, याला शॉर्टकट नाही. फिलामेंट म्हणजे एक-दोन मिलिमीटरची तार, चारी बाजूंना उजेड टाकते, बहुतेक सगळा रिफ्लेक्टरवर पडतो आणि तिथून सरळ पुढे. तुमच्या एलईडीत पुढे पिवळ्या टिकल्यांची अख्खी पट्टी किंवा पाच मिलिमीटरच्या नऊ-दहा एलईडी असतील असा माझा अंदाज आहे. एवढ्या पसरट सोर्सचा झोत त्या छोट्या डोक्यातून बारीक होणंच शक्य नाही, अंगण आणि गोठा यासाठी ते ठीक आहे. पण एकच छोटी पॉवर एलईडी खोल रिफ्लेक्टरच्या बरोबर फोकसवर बसवली की चित्र पालटतं, कारण आजच्या चांगल्या एलईडीच्या पृष्ठभागाची चकाकी साध्या टॉर्चच्या फिलामेंटपेक्षा कितीतरी जास्त असते. भिंगवाले झूम टॉर्च पण मिळतात, ते पूर्ण ओढले की भिंतीवर चौकोनी ठिपका पडतो, ती त्या एलईडी चिपचीच आकृती. लांब जातात, पण ओढलेल्या अवस्थेत बराच उजेड डोक्याच्या आतल्या बाजूलाच आपटून वाया जातो आणि पायाखाली काही दिसत नाही. रात्रीच्या बागेत पायाखालचं न दिसणं मला तरी परवडत नाही.

बल्बची खरी रड सेलची. व्होल्टेज जरा उतरलं की उजेड धाडकन पडतो, साधारण व्होल्टेजच्या साडेतीन घाताने. तीन नवे सेल साडेचार व्होल्ट देतात, ते वापरून ३.६ वर आले, म्हणजे २० टक्केच घट, तरी उजेड निम्म्याच्याही खाली जातो आणि वर पिवळा-तांबूस होतो. त्यामुळे बल्बच्या टॉर्चची तुलना करताना सेल नवे होते का हे आधी विचारायचं. पूर्वी जे तगडे बल्बवाले टॉर्च यायचे त्यांचीही हीच गत, शुअरफायरचा सिक्स पी हा तेव्हाचा नावाजलेला टॉर्च ६५ ल्युमेन द्यायचा आणि दोन महागडे लिथियम सेल तासाभरात खाऊन टाकायचा. आज ६५ ल्युमेन म्हणजे साध्या हेडलॅम्पचा मधला मोड.

एलईडीला चांगला ड्रायव्हर (करंट सांभाळणारं सर्किट) असेल तर सेल उतरत गेला तरी उजेड बराच वेळ एकसारखा राहतो. पण तिची वेगळी गोम आहे, उष्णता. बल्बची उष्णता बरीचशी उजेडाबरोबरच पुढे निघून जाते, एलईडीची मात्र चिपच्या मागे साचते आणि टॉर्चच्या बॉडीतून बाहेर काढावी लागते. म्हणून छोटासा टॉर्च टर्बोवर, म्हणजे सगळ्यात जास्त उजेडाच्या मोडवर, लावला की काही मिनिटांत तो स्वतःच उजेड कमी करतो. स्टँडर्डप्रमाणे ल्युमेनचं माप टॉर्च लावल्यावर ३० सेकंदांनी घेतात आणि रनटाइम उजेड १० टक्क्यांवर येईपर्यंत मोजतात, त्यामुळे ‘१००० ल्युमेन, ३ तास’ असं वाचलं की तिन्ही तास हजार मिळतील असं समजू नका.

आणि ऑनलाइन जे लाख ल्युमेनवाले टॉर्च दिसतात त्यांच्याबद्दल काय बोलावं! त्यात ९९०० एमएएच (सेलची क्षमता) लिहिलेला १८६५० सेल असतो, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब लिथियम सेल. त्या साइजमध्ये आजचे चांगल्यातले चांगले सेलसुद्धा ३५०० ते ४००० च्या आसपासच थांबतात. ३००० एमएएचच्या खऱ्या सेलमध्ये ११ वॅट-अवर ऊर्जा असते, वॅटला १०० ल्युमेन धरले तर हजार ल्युमेन तासभर. बाकीचे ९९ हजार फक्त स्टिकरवर.

आता बल्बची जमेची बाजू, रंग. उजेडात रंग किती खरे दिसतात याचं माप म्हणजे सीआरआय, जास्तीत जास्त १००. फिलामेंटच्या उजेडाचा सीआरआय जवळजवळ १०० असतो, म्हणजे वस्तूचे रंग जसेच्या तसे. स्वस्त कूल व्हाइट एलईडी ७० च्या आसपास, आणि त्यात लाल रंग कमी पडतो. पालापाचोळ्यात किंवा जांभ्याच्या चिऱ्यांवर बसलेलं फुरसं (विषारी साप) तपकिरीवर तपकिरी असतं, निळसर उजेडात सगळंच राखाडी सपाट दिसतं आणि ते निसटतं. माझं मत विचाराल तर कोकणात रात्री चालायला ९० च्या वरच्या सीआरआयची, ४००० ते ५००० केल्व्हिनची (म्हणजे ना फार पिवळी, ना निळसर) एलईडी घ्यावी, ल्युमेन थोडे कमी मिळाले तरी चालतील. तेवढी घेतली की बल्बचा हा मुद्दाही संपतो.

धुक्याबद्दल विचारलंत. पिवळा उजेड धुकं कापतो असं सगळे म्हणतात, पण धुक्याचे थेंब प्रकाशाच्या वेव्हलेंग्थपेक्षा खूप मोठे असतात, त्यात पिवळा काय नि निळा काय, जवळपास सारखाच विखुरतो. निळसर उजेड डोळ्यांना जास्त टोचतो एवढं खरं. खरा त्रास होतो तो रुंद झोतामुळे आणि टॉर्च डोळ्यांजवळ असल्यामुळे. पावसाळ्यात हरिश्चंद्रगडाला ढगात अडकलात आणि डोक्यावर हेडलॅम्प असेल तर समोर पांढरी भिंत दिसते, तोच काढून कमरेजवळ धरा, उजेड कमी करा, लगेच वाट दिसायला लागते आणि दगडांच्या सावल्या पडून पायऱ्याही कळतात.

राहिला प्रश्न जुन्या टॉर्चात एलईडी बल्ब टाकायचा. टाकू शकता, सेल खूप जास्त टिकतील, पण झोत बिघडायची शक्यता जास्त. तो रिफ्लेक्टर एका ठराविक उंचीवरच्या फिलामेंटसाठी बनवलेला असतो, एलईडी त्या जागी बरोबर येत नाही, वर ती फक्त पुढच्या बाजूला उजेड टाकते, त्यामुळे अर्धा उजेड वाटीला न शिवताच पसरून जातो. डोकं फिरवून फोकस करता येणारा टॉर्च असेल तर थोडं जुळवता येतं. टाकलाच तर तीन सेलचं व्होल्टेज चालतं का ते बघून घ्या. मी तरी तो पितळी टॉर्च आहे तसाच ठेवीन आणि गडग्यासाठी वेगळा घेईन: एक १८६५० सेल, ४०-५० मिलिमीटरचं डोकं, एकच एलईडी, आणि कॅन्डेला १५-२० हजार लिहिलेले. दुकानदार कॅन्डेला सांगू शकला नाही तर बीम डिस्टन्स विचारा, त्याचं अर्धं करून वर्ग करा, कॅन्डेला चार आकडी येतात की पाच आकडी हे लगेच कळेल. जुना टॉर्च पावसाळाभर वापरणार नसाल तर त्यातले सेल काढून ठेवा, साधे झिंक-कार्बन सेल आत पाझरले की स्प्रिंग खातात आणि पितळ हिरवं पडतं.