ओटीपी बाबाच्या मोबाइलवर, बाबा वावरात

प्रश्न : आमचे तालुक्याच्या ठिकाणचे कला-वाणिज्य महाविद्यालय आहे. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी दरवर्षी ‘दीक्षारंभ’ हा स्वागत-ओळखीचा कार्यक्रम घेतो आणि शेवटी अभिप्राय फॉर्म भरून घेतो. जवळपास सगळ्या फॉर्मांवर ‘खूप छान’ नाहीतर ‘उत्तम’. यंदा समन्वयक मी आहे. या अभिप्रायांवरून कार्यक्रम सुधारायचा कसा?
— एक सहायक प्राध्यापिका, यवतमाळ जिल्हा

उत्तर : मॅडम, ते फॉर्म नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, फाइलीत नीट लावून ठेवा, तिथे लागतील. सुधारणेसाठी त्यांचा उपयोग नाही. पोराला कॉलेजात येऊन चार दिवस झालेले, समोर सर उभे, फॉर्मवर नाव आणि रोल नंबर. तो दुसरे काय लिहिणार? पंगतीतून उठताना कोणी ‘भाजी खारट झाली’ म्हणते का?

यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०१९ मध्ये ‘दीक्षारंभ’ची मार्गदर्शिका काढली. त्याआधी आमच्याकडे ‘स्वागत समारंभ’ असायचा. नाव बदलले, समई तीच राहिली. निवृत्तीच्या आधी काही वर्षे हे काम माझ्याकडे होते आणि पहिली दोन वर्षे मीही ‘छान’ मोजत बसलो.

मग विचारायची वेळ बदलली. कार्यक्रमाच्या दिवशी विचारायचे नाही, पोळा झाल्यावर विचारायचे. तोवर निंदणाचे दिवस सरतात, वर्ग भरायला लागतो आणि पोरे कुठे ना कुठे ठेचकाळलेली असतात. जुन्या उत्तरपत्रिकांचे कोरे कागद फाडून चिठ्ठ्या केल्या. फळ्यावर एकच प्रश्न लिहिला : ‘आल्यापासून कुठं अडकले?’ नाव नको, आणि घरी बोलता तसेच लिहा. डबा ग्रंथालयाच्या काउंटरवर ठेवला. प्राचार्यांच्या दाराशी ठेवला असता तर रिकामाच राहिला असता.

एका मुलीने लिहिले होते, ‘पाहुण्याचं भाषण चालू होतं तवा माही चारची गाडी गेली. सहाच्या गाडीनं गेली, घरी बोलनं खाल्लं.’ आणखी एक चिठ्ठी : ‘मायनर म्हंजे कोनता इषय, आतापावतर नाही समजलं.’ मायनर म्हणजे मुख्य विषयाच्या जोडीचा दुय्यम विषय. हे २०२४-२५ चे, नवीन शैक्षणिक धोरण संलग्न महाविद्यालयांत आले ते वर्ष. खरे सांगायचे तर मायनरचे आम्हा मास्तरांनाही तेव्हा धड समजले नव्हते.

पण मला खरा धडा दिला तो तिसऱ्या चिठ्ठीने : ‘आयडी काढाले ओटीपी लागते. ओटीपी बाबाच्या मोबाइलवर, बाबा वावरात.’ एबीसी आयडी म्हणजे पोरांचे क्रेडिट (श्रेयांक) जिथे जमा होतात त्या खात्याचा नंबर. त्यावर आम्ही तासभर स्लाइड दाखवल्या होत्या. क्रेडिट कसे साठतात, कॉलेज बदलले तर कसे सोबत येतात, सगळे सांगितले. आधारला जोडलेला मोबाइल सोबत आणा, एवढे मात्र कोणी बोलले नाही. पोरगा इकडून फोन लावतो. तिकडे मोबाइल प्लास्टिकच्या पन्नीत गुंडाळून धुऱ्यावर ठेवलेला. बाप डवरे थांबवून येईपर्यंत ओटीपीची मुदत संपते. काहींचा तर आधारला जोडलेला नंबरच बंद पडलेला. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरचा शिष्यवृत्तीचा अर्जही पुढे याच जागी अडतो.

पुढच्या वर्षी प्रवेशाच्या दिवशीच कागद हातात दिला : आधारचा नंबर कोणता ते तपासा, बंद असेल तर आधार केंद्रात जाऊन बदलून घ्या, चालू असेल तर तो मोबाइल घेऊन या. कार्यक्रम एका दिवसाऐवजी तीन सकाळी केला, एकच्या आत सुट्टी. मायनर समजावून सांगायला दुसऱ्या वर्षाची एक मुलगी आपली गुणपत्रिका घेऊन उभी राहिली. तिचे पोरांना पटकन कळले.

सगळेच ऐकायचे असे नाही. पाच-सहा चिठ्ठ्यांत डीजे मागितला होता, तो दिला नाही. पण काय बदलले आणि काय नाही, हे सूचना फलकावर लिहून लावले. त्यानंतरच्या चिठ्ठ्या लांब होत्या.

एक राहिले. जे कार्यक्रमाला आलेच नाहीत त्यांची यादी काढा आणि त्यांच्याच गावच्या, त्याच गाडीने येणाऱ्या पोरांकडून निरोप पाठवून बोलवा. आमच्याकडचे बरेच जण त्या दिवशी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सेतूच्या रांगेत होते.

प्राचार्य म्हणतील, पाहुण्यांचे भाषण कसे काढायचे? काढू नका. पाहुण्यांना साडेदहाची वेळ द्या. ते साडेअकराला येतील, तोवर ओटीपीचे काम उरकून घ्या.