टीचिंग केसेस मिर्कला जोडताना

तुमच्या रेडिओलॉजी विभागाकडे टीचिंग केसेसचा, म्हणजे शिकवण्यासाठी जपलेल्या केसेसचा, मोठा जुना डेटाबेस आहे आणि तो मिर्क पद्धतीच्या सामायिक संग्रहाला जोडायचा आहे. मिर्क म्हणजे आरएसएनए या उत्तर अमेरिकेतल्या रेडिओलॉजी संस्थेची अशा केसेस एकत्र शोधता याव्यात म्हणून केलेली व्यवस्था. जरूर जोडा. जिल्ह्याच्या ठिकाणी शिकणाऱ्या रेसिडेंटला दुर्मीळ केस बघायला मिळणं ही फार मोठी गोष्ट आहे.

आधी एक समजून घ्या: मिर्कमध्ये सगळ्या इमेजेस कुणाच्या तरी सर्व्हरवर नेऊन टाकाव्या लागत नाहीत. शोध घेणारी सेवा जोडलेल्या प्रत्येक सर्व्हरला विचारते आणि उत्तरं एकत्र दाखवते. केस तुमच्याच सर्व्हरवरून उघडते. प्रत्येक केस म्हणजे एक एक्सएमएल फाइल, म्हणजे ठरलेल्या खुणांमध्ये माहिती लिहिलेली मजकुराची फाइल. एक्सेलमधून ती तयार करणारी स्क्रिप्ट चार दिवसांत होते. फक्त शीर्षकात निदान असेल, तर पर्यायी शीर्षक भरा. नाहीतर विद्यार्थ्याला ओळखायला काही उरत नाही.

खरा वेळ द्या तो रुग्णाची ओळख पुसण्याला. पॅक्सवरून, म्हणजे हॉस्पिटलच्या इमेजेस साठवणाऱ्या यंत्रणेवरून, थेट काही बाहेर सोडू नका. मधे सीटीपी किंवा ऑर्थँक यांसारखं ओळख पुसू शकणारं सॉफ्टवेअर ठेवा. नाव, आयडी, जन्मतारीख तर जातीलच, पण प्रायव्हेट टॅगही काढा, म्हणजे यंत्राच्या उत्पादकांनी फाइलमध्ये ठेवलेले त्यांचे स्वतःचे माहितीचे रकाने. तारखा पुसू नका, एकाच रुग्णाच्या सगळ्या तारखा सारख्याच दिवसांनी सरकवा. फॉलो-अप सीटी सहा आठवड्यांनी केला की सहा महिन्यांनी, यावरच कधीकधी निदान ठरतं.

आणि हेडर, म्हणजे इमेज फाइलमधला हा टॅगचा भाग, साफ झाला म्हणजे झालं, असं समजू नका. आमच्याकडे सगळे टॅग कोरे झाल्यावर एका सोनोग्राफीच्या कोपऱ्यात रुग्णाचं पूर्ण नाव तसंच होतं, इमेजमध्येच छापलेलं. मला आजही त्याची धास्ती वाटते. सोनोग्राफी, स्कॅन केलेल्या जुन्या फिल्म्स आणि स्क्रीनशॉट एकेक करून डोळ्यांनी बघा. हिस्टरीही वाचा: गाव, हुद्दा आणि अपघाताची तारीख एकत्र आली, तर नावाची गरजच राहत नाही. गर्भाच्या सोनोग्राफीत लिंग कळेल अशी इमेज किंवा ओळ मुळीच नको. गर्भलिंग निदानाला बंदी घालणारा पीसीपीएनडीटी कायदा विसरू नका.

संस्थेच्या एथिक्स समितीची लेखी परवानगी आधी घ्या. मग वीसच केसेस जोडा, त्या दुसऱ्या विभागातल्या कुणाला तरी तपासायला द्या, आणि त्यातून काही निसटलेलं नसेल तरच पुढच्या घ्या.