कवटीच्या तळाची गाठ : एमआरआय पुन्हा कशासाठी?

प्रश्न : माझ्या ५८ वर्षांच्या आईला वर्षभरापासून उजव्या कानाने कमी ऐकू येते व त्या कानात सतत शिट्टीसारखा आवाज येतो. मेंदूच्या एमआरआयमध्ये श्रवणाच्या नसेवर लहान गाठ दिसली. आता शल्यविशारदांनी त्रिमितीय एमआरआय सांगितला आहे. निदान झालेले असताना हा खर्च पुन्हा का करावा?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आपल्या वर्णनावरून ही गाठ व्हेस्टिब्युलर श्वानोमा, म्हणजे श्रवण व तोलाच्या नसेच्या आवरणातून वाढणारी गाठ, असावी. ती कर्करोगाची नसते आणि बहुधा सावकाश वाढते; काही गाठी तर वर्षानुवर्षे आहे तेवढ्याच राहतात. गाठ आहे हे पहिल्या तपासणीने सांगितले, पण तिच्याभोवती काय आहे हे त्या तपासणीत पुरेसे दिसत नाही. नेहमीच्या एमआरआयमधील छेद, म्हणजे एकेका चित्रात दिसणारे काप, साधारणपणे ३ ते ५ मिलिमीटर जाडीचे असतात, आणि श्रवणाची नस ज्या हाडाच्या नळीतून जाते ती जेमतेम एक सेंटिमीटर लांबीची असून त्याच नळीतून चेहऱ्याचे स्नायू हलवणारी नसही जाते.

त्रिमितीय पद्धतीत एक मिलिमीटरहूनही बारीक, सलग माहिती घेतली जाते व ती संगणकावर हव्या त्या दिशेने पुन्हा कापून पाहता येते. सीआयएसएस किंवा फिएस्टा या नावांच्या त्रिमितीय एमआरआय पद्धतींच्या चित्रांत मेंदूभोवतीचे पाणी पांढरेशुभ्र आणि त्यातून जाणाऱ्या नसा काळ्या रेषांसारख्या दिसतात. गाठ नळीच्या टोकापर्यंत पोहोचली आहे का, मेंदूच्या देठाला टेकली आहे का, हे त्यावरून कळते; आणि नुसते लक्ष ठेवायचे, रेडिओसर्जरी (न कापता गाठीवर नेमका किरणांचा मारा) करायची की शस्त्रक्रिया, हा निर्णय बऱ्याच अंशी यावरच ठरतो. म्हणूनच हा खर्च मला योग्य वाटतो.

तरीही एक मर्यादा लक्षात घ्यावी. मोठ्या गाठीवर चेहऱ्याची नस ताणून इतकी पातळ झालेली असते की ती त्रिमितीय चित्रातही नेहमी ओळखता येत नाही. शिवाय हाडाचे बारकावे सीटी स्कॅनमध्येच अधिक स्पष्ट दिसतात.

तपासणीत गॅडोलिनियमचे (गाठ उठून दिसावी म्हणून शिरेतून दिल्या जाणाऱ्या द्रव्याचे) इंजेक्शन देणार असतील, तर मूत्रपिंडाचा जुना विकार आधी सांगावा. पेसमेकर किंवा कानातील इम्प्लांट असल्यास तेही न विसरता सांगावे. केवळ छापील फिल्मवर समाधान न मानता सर्व छेदांची सीडी मागून घ्यावी, कारण पुढच्या वेळी गाठ वाढली का हे ठरवताना त्याच प्रकारच्या चित्रांची तुलना करावी लागते आणि एक-दोन मिलिमीटरचा फरक फिल्मवर विश्वासाने मोजता येत नाही.