लेकीचं नाव ट्रायलमध्ये घालू का? (त्वचेच्या डॉक्टरांना विचारा)

प्रश्न: डॉक्टर, नमस्कार. मी सक्करदऱ्याला राहते. लेक 24 वर्षांची आहे. चार वर्षांआधी तिच्या छातीवर साधा पिंपल आला होता, तो फुटला आणि त्याचा केलॉइड (वाढतच जाणारा टणक वण) झाला, एका ठिकाणी कापून घेतला तर सात-आठ महिन्यांत पहिल्यापेक्षा मोठा होऊन परत आला. आता जिथे दाखवून राहिलो तिथले डॉक्टर म्हणतात की आमचा अभ्यास, म्हणजे औषधाची ट्रायल, सुरू आहे, नाव घालता का? अर्ध्या केलॉइडमध्ये एक इंजेक्शन आणि अर्ध्यात दुसरं, कोणत्या बाजूला कोणतं ते चिठ्ठी काढून ठरणार. सासूबाई म्हणतात पोरीला काहून प्रयोगाचा उंदीर करता? पुढच्या वर्षी तिच्या लग्नाचंही बघायचं आहे. मी तर घाबरूनच गेली.

उत्तर: ताई, सासूबाईंना एक गोष्ट नक्की सांगा, उंदराला केलॉइड होतच नाही. माणूस सोडून दुसऱ्या कुठल्या प्राण्याला असा जखमेची हद्द ओलांडून वाढत जाणारा वण होताना दिसत नाही. लॅबमध्ये माणसाच्या केलॉइडचा तुकडा उंदराच्या कातडीखाली बसवून बघतात, पण तो म्हणजे काही तुमच्या लेकीच्या छातीवरचा, रोज खाजणारा केलॉइड नव्हे, त्यामुळे कोणतं औषध खरंच काम करतं याचं उत्तर शेवटी माणसांकडूनच मिळतं, दुसरा रस्ताच नाही.

पहिलं ऑपरेशन का फसलं तेही ऐका. नुसतं कापून सोडलं तर केलॉइड परत येण्याचं प्रमाण वेगवेगळ्या अभ्यासांत 45 ते 100 टक्के आलंय, म्हणून कापल्यावर इंजेक्शन किंवा रेडिएशनची जोड देतात. हे तुम्हाला तेव्हाच कोणीतरी बसवून सांगायला हवं होतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता चिठ्ठीचं. डॉक्टरनी स्वतः बाजू निवडली तर हात नकळत आवडतं औषध मऊ, सोप्या बाजूला टोचतो आणि मग ते औषधच भारी ठरतं. चिठ्ठीने ते होत नाही. आणि अर्धं-अर्धं का, तर मुलगी तीच, छाती तीच, नागपूरचा मे महिन्यातला घामही दोन्ही बाजूंना सारखाच, म्हणजे फरक दिसला तर तो औषधाचा असण्याची शक्यता जास्त.

पण दोन्ही सिरिंजमध्ये काय आहे हे नावासकट विचारा. अशा अभ्यासांत बरेचदा एका बाजूला ट्रायमसिनोलोन हे स्टिरॉइड असतं आणि दुसऱ्या बाजूला त्यात फाइव्ह-एफयू मिसळलेलं. दोन्ही केलॉइडवर वर्षानुवर्षं वापरात आहेत, म्हणजे एकही बाजू औषधाविना राहत नाही. एका बाजूला नुसतं सलाईन असेल तर अभ्यास संपल्यावर त्या बाजूचं काय करणार, ते आधी लिहून घ्या. फाइव्ह-एफयू मूळचं कॅन्सरचं औषध आहे, गरोदरपणात चालत नाही. लग्नाच्या तारखेचा आणि या इंजेक्शनांचा मेळ लेकीने स्वतः डॉक्टरांशी बोलून घालावा, लाजू नये.

दुखतं का? हो, खोटं कशाला सांगू. केलॉइड टणक असतो, औषध सहज आत शिरत नाही, अंगठ्याने जोर लावावा लागतो, सुई साधी असेल तर प्रेशरने निसटून येते म्हणून आम्ही लॉकवाली सिरिंज घेतो. औषध शिरलं की गुलाबी गाठ डोळ्यासमोर पांढरी पडते. आधी पाच मिनिटं बर्फ धरला तर बरं जातं. दर चार ते सहा आठवड्यांनी यावं लागतं. स्टिरॉइडने आजूबाजूची कातडी पातळ किंवा पांढरट होऊ शकते, फाइव्ह-एफयूने कधी जखम होते नाहीतर काळा डाग राहतो.

कागदांचं मात्र कडक राहा. माहितीपत्रक मराठीत मागा, घरी आणा, सासूबाईंसमोर मोठ्याने वाचा, सही दुसऱ्या दिवशी करा. एथिक्स कमिटीची (पेशंटचं हित बघणाऱ्या समितीची) मंजुरी आणि सीटीआरआय, म्हणजे देशातल्या ट्रायलच्या सरकारी नोंदवहीतला, नंबर विचारा. 15 जून 2009 पासून देशात ट्रायलची तिथे नोंदणी बंधनकारक आहे आणि नंबर टाकून कोणालाही ती ऑनलाइन, फुकट बघता येते. 2019 च्या नियमांप्रमाणे ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार मोफत मिळायला हवेत. मधूनच सोडावंसं वाटलं तर कारण न सांगता सोडता येतं आणि त्यामुळे नेहमीचे उपचार कोणी थांबवू शकत नाही.

अजून एक, वण मोजताना उंची, रंग, टणकपणा डॉक्टर बघतात, पण खाज आणि दुखणं किती ते लेकच सांगू शकते. काही मोजपट्ट्यांत पेशंटच्या मताला वेगळे मार्क असतात, या अभ्यासात आहेत का विचारा. आणि शेवटच्या इंजेक्शननंतर निदान वर्षभर बघणार आहेत का तेही, कारण केलॉइड उशिरा परत येतो. हे सगळं नीट असेल तर मी माझ्या मुलीचंही नाव घातलं असतं.

प्रश्न: वय 29, मानेवाडा. केस विरळ झालेत. एका क्लिनिकमध्ये स्टेम सेलचं पॅकेज सांगितलं, म्हणे रिसर्च झालेलं आहे, आगाऊ पैसे भरले तर सूट. भरू का?

उत्तर: नका भरू. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे रक्ताच्या ठरावीक आजारांसारखे मोजके उपचार सोडले तर स्टेम सेल (ज्यांपासून दुसऱ्या पेशी तयार होतात अशा मूळ पेशी) फक्त ट्रायलमध्येच वापरायचे, आणि ट्रायलमध्ये पेशंटकडून पैसे घेत नाहीत. तुमच्याकडे तर पैसे मागतायत, मग ती ट्रायल कसली? केसांसाठी पीआरपी करतात ते वेगळं, त्यात तुमचंच रक्त मशीनमध्ये फिरवून त्यातला भाग टोचतात. त्यावर छोटे छोटे बरेच अभ्यास झालेत, काहींत फायदाही दिसला, पण प्रत्येकजण रक्त वेगळ्या पद्धतीने फिरवतो त्यामुळे तुलना अवघड जाते. तपासणी करून आधी मिनोक्सिडिल, फिनास्टराइड या केसगळतीच्या औषधांचं बोला, त्यांच्यामागे मोठे अभ्यास आहेत. आणि क्लिनिकने आधीचे-नंतरचे फोटो दाखवले असतील तर ते परत एकदा नीट बघा, पहिल्यात केस ओले आणि डोक्यावर लाइट आहे का, भांग दोन्हींत एकाच जागी पाडलाय का.