शिक्षणाची पॉलिसी आणि एकतीस वर्षांचा विद्यार्थी

वाळवा तालुक्यातील एका भगिनीचे पत्र आले आहे. यजमान साखर कारखान्यात कायम नोकरीत असून त्यांचे वय ४२ आहे, हातात ३२ हजार पगार येतो आणि घराच्या कर्जापैकी साडेसहा लाख फिटायचे आहेत. सोळा वर्षांचा मुलगा यंदा ७१ टक्के मिळवून दहावी झाला आणि त्याला इलेक्ट्रिशियन व्हायचे आहे. तालुक्याच्या सरकारी आयटीआयत दोन वर्षे घालवावीत की पुण्यातील एका खासगी संस्थेचा एक वर्षाचा डिप्लोमा करावा, आणि त्या डिप्लोमाची १ लाख ८५ हजार फी भरण्यासाठी मुलाच्या पॉलिसीवर कर्ज काढावे की दागिने तारण ठेवावेत, असे त्या विचारतात.

ताई, मुलाला आयटीआयला पाठवा. पुण्यात फी आणि राहण्या-जेवण्याचा लाखभर खर्च मिळून पावणेतीन ते तीन लाख जातील. आयटीआयत फी, एसटीचा सवलतीचा पास, हत्यारे आणि गणवेश धरून दोन वर्षांत पन्नास हजारांच्या आत भागते आणि त्यानंतरच्या वर्षभराच्या शिकाऊ उमेदवारीत महिना सात-आठ हजार विद्यावेतन मिळते. संस्थेच्या माणसाने आपल्याला सांगितले असेल की त्यांच्याकडचा मुलगा दोन वर्षे आधी कमावता होतो. तो सतराव्या वर्षी डिप्लोमा घेऊन बाहेर पडेल, आणि नियमाने चालणारी कोणतीही कंपनी अठरा पूर्ण झाल्याखेरीज त्याला विजेच्या कामावर ठेवणार नाही. म्हणजे वाचते ते एकच वर्ष, आणि त्या वर्षी १४ हजारांची नोकरी लागली असे मानले तरी विद्यावेतन वजा जाता फायदा ७०-८० हजारांचा. तेवढ्यासाठी आपण सव्वादोन-अडीच लाख जास्त मोजणार आहात.

शिवाय डिप्लोमावर एनसीव्हीटीचा, म्हणजे व्यवसाय प्रशिक्षणाच्या राष्ट्रीय परिषदेचा, शिक्का नसेल, तर आयटीआयवाल्यांसाठीची शिकाऊ उमेदवारी, वायरमनचा परवाना आणि सरकारी भरती हे तिन्ही रस्ते अवघड होतात किंवा बंदच होतात. आयटीआयनंतर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षालाही प्रवेश घेता येतो. मात्र इलेक्ट्रिशियनच्या जागांवर मुले तुटून पडतात, त्यामुळे ७१ टक्क्यांवर जागा मिळेलच असे धरून न चालता ऑनलाइन अर्जात वायरमन हा दुसरा पर्याय अवश्य भरा.

'हमखास प्लेसमेंट' आणि 'सोलरमुळे महिना पन्नास हजार' ही वाक्ये आपण पत्रात अधोरेखित केली आहेत, म्हणून सांगतो. महावितरणने २०२३ च्या अखेरीस विद्युत सहायकांच्या ५,३४७ जागा काढल्या, त्यांतही पहिली तीन वर्षे कंत्राटी आणि मानधन अनुक्रमे १५, १६ आणि १७ हजार होते, आणि तरीही त्या नोकरीसाठी मुले जिवाचे रान करतात. पन्नास हजार मिळतात, पण ते अनुभव आणि परवाने गाठीशी आल्यावर, स्वतःची कंत्राटे घेणाऱ्याला. नव्या वीजजोडणीसाठी परवानाधारक कंत्राटदाराचा चाचणी अहवाल लागतो आणि या धंद्यातला खरा पैसा त्या सहीत आहे. सोलरचे पॅनेल छतावर चढवणाऱ्या पोराला रोजंदारीच मिळते.

फीचा प्रश्न इथे संपला. मला काळजी वाटते ती आपण पत्रासोबत पाठवलेल्या पॉलिसीच्या पहिल्या पानाच्या फोटोची. पॉलिसी २०२१ ची, मुदत २० वर्षे, वार्षिक हप्ता ४८ हजार, विमा रक्कम ९ लाख, आणि विमाधारक म्हणून नाव मुलाचे. चुलतदिरांनी ती 'मुलाच्या शिक्षणासाठी' म्हणून दिली, असे आपण लिहिता. तिचे पैसे २०४१ मध्ये मिळतील, तेव्हा मुलगा एकतीस वर्षांचा असेल. एकतिसाव्या वर्षी तो कोणत्या वर्गात बसलेला असेल, हे विकणाऱ्याला विचारायला हवे होते.

त्याहून गंभीर बाब अशी की हा विमा मुलाच्या जिवावर आहे आणि घर चालते ते वडिलांच्या पगारावर. यजमानांच्या नावावर बँकेतून वर्षाला ४३६ रुपये कापून मिळणारे २ लाखांचे जीवनज्योती संरक्षण तेवढे आहे. भविष्य निर्वाह निधीला जोडलेला, नोकरीत असेपर्यंतचा विमाही असतो, तो जास्तीत जास्त ७ लाखांचा. उद्या बरेवाईट झाले, तर या दोन्ही विम्यांच्या मिळून ९ लाखांतून साडेसहा लाखांचे कर्ज फेडल्यावर अडीच लाख उरतील आणि महिना २२ हजार खर्च असलेल्या घरात ते वर्षभरही पुरणार नाहीत. मुलाच्या पॉलिसीतून तेव्हा एक पैसाही येणार नाही, उलट हप्तामाफीचा रायडर, म्हणजे हप्ता भरणारा गेल्यास पुढचे हप्ते माफ करणारी जोड, घेतलेला नसल्यामुळे तिचे हप्ते आपल्यालाच भरावे लागतील.

आता पॉलिसीचे करायचे काय? आतापर्यंत पाच हप्ते, म्हणजे २ लाख ४० हजार भरून झाले. आज ती मोडली तर भरलेल्यापैकी हमी असलेले निम्मे आणि थोडा बोनस मिळून १ लाख ३०-३५ हजार हाती येतील. अशी पॉलिसी सरसकट मोडून टाका असे सांगण्याची हल्ली पद्धत पडली आहे, पण इथे मी तसे सांगणार नाही. ती पेड-अप केली, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून आहे तशी ठेवली, तर विमा रकमेचा चौथा हिस्सा सव्वादोन लाख आणि जमलेला बोनस धरून २०४१ मध्ये अंदाजे चार लाख मिळतील. आजच्या १ लाख ३५ हजारांचे पंधरा वर्षांत चार लाख व्हायला साडेसात टक्क्यांच्या आसपास परतावा लागतो, तो आपल्याला मुदतठेवीत मिळणार नाही. चुलतदीर २४ लाखांचा आकडा दाखवतात, तो विसरा. बोनस नेहमीसारखा राहिला तर सगळे हप्ते भरून १६ लाखांच्या आसपास येतील, म्हणजे वीस वर्षांचा परतावा पाच टक्क्यांच्याही खाली.

पॉलिसीवर कर्ज मुळीच काढू नका. ते लाख-सव्वालाखाच्या पुढे मिळणार नाही, आपल्याच पैशांवर नऊ-दहा टक्के व्याज भरावे लागेल, आणि उरलेल्या रकमेसाठी दागिने गहाण पडतीलच.

पुढचा ४८ हजारांचा हप्ता थांबला की त्यातून यजमानांच्या नावे साठीपर्यंतचा ५० लाखांचा टर्म विमा, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा, घ्या. या वयाला हप्ता वर्षाला १५ ते २० हजार पडेल, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर जीएसटीही नाही. यजमान तंबाखू खात असतील तर अर्जात तसे स्पष्ट लिहा. हप्ता वाढेल, पण लपवल्यास ऐन वेळी दावा अडकतो. उरलेल्या पैशांत मुलाचे आयटीआयचे वर्ष निघते. मुदत संपल्यावर हातात काहीच येत नाही, असे चुलतदीर म्हणतील, आणि ते खरेच आहे. पॉलिसी बंद केल्याने करसवलत जाईल असेही ते म्हणतील, पण नव्या करप्रणालीत ३२ हजार पगारावर कर लागतच नाही, तर सवलत कशातून मिळणार?

या आठवड्यात यजमानांना कारखान्याच्या कार्यालयात पाठवून पीएफचे वारसपत्र पाहून घ्या. ते लग्नापूर्वी भरलेले असेल तर आता ग्राह्य धरले जाणार नाही आणि आपल्या नावाने नवे भरावे लागेल.