टोच पडली, आता हात लावू का?

या वेळी आलेल्या प्रश्नांपैकी निम्मे एकाच रात्रीचे आहेत. विसाव्या-एकविसाव्या दिवसाची रात्र, अंडी उबवायच्या मशीनच्या काचेला नाक लावून बसलेलं अख्खं घर आणि अंड्यावर एक बारीकसा टवका. म्हणून आधी तेच घेते, बाकीचं मागाहून.

प्रश्न : ताई, गावरान कोंबडीची १२ अंडी मशीनमध्ये ठेवली होती. आज सकाळी सातला एका अंड्याला टोच पडली. आता रात्रीचे नऊ वाजलेत. पिल्लू आत ओरडतंय, पण पुढे काही सरकत नाही. मुलं म्हणतात, फोडून काढू. काढू का? (एक वाचक, दापोली)

काढू नका. चौदा तास म्हणजे अजून काहीच उशीर झालेला नाही.

टोच दिसली की आपल्याला वाटतं, पिल्लू दारात उभं आहे आणि फक्त कडी काढायची राहिली आहे. आतली गोष्ट वेगळी असते. अंड्याच्या जाड टोकाला हवेचा कप्पा असतो. पिल्लू आधी आतला पापुद्रा फोडून चोच त्या कप्प्यात घालतं आणि पहिल्यांदा फुप्फुसाने श्वास घेतं. तोवर त्याला प्राणवायू मिळत होता तो कवचाच्या आतून पसरलेल्या रक्तवाहिन्यांच्या जाळ्यातून. कप्प्यातली हवा पुरेनाशी झाली की मान झटके देऊ लागते आणि चोचीच्या शेंड्यावरची टणक कणी कवचावर आपटून टवका उडतो. तीच तुम्हाला सकाळी सातला दिसलेली टोच.

यानंतर ते थांबतं आणि आपला धीर सुटतो तो इथेच. पण या थांबण्यात दोन मोठी कामं चालू असतात. जाळ्यातलं रक्त हळूहळू पिल्लाच्या अंगात परत ओढलं जातं आणि उरलेला पिवळा बलक बेंबीतून पोटात जातो. याला बारा ते अठरा तास सहज लागतात, कधी चोवीस. ते झालं की पिल्लू अंड्यात गोल फिरत कवच कापत जातं. जाड टोकाकडून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने. ही कापणी सुरू झाली की तासा-दोन तासांत टोपण उडतं.

माझ्या पहिल्याच घाण्यात मी पाच तासांतच नखाने कवच सोललं होतं. पापुद्र्याखाली लाल दोरे दिसले, तरी हात थांबला नाही. एक दोरा तुटला, दोन मिनिटांत माझी बोटं रक्ताने माखली आणि पिल्लू बाहेर आलं ते पोटाखाली बलकाची पिशवी लोंबकळत. संध्याकाळपर्यंतही टिकलं नाही. खुडूक कोंबडीकडे बघा. तिच्या पोटाखाली टोच पडलेली अंडी असतात, ती घुमते, अंग सैल करून बसते, पण चोच मारून कवच काही फोडून देत नाही.

काळजी कधी करायची? टोच पडून चोवीस तास उलटले आणि भोक तेवढंच राहिलं तर. कापणी निम्म्यावर येऊन तीन-चार तास अडली तर. भोकातून दिसणारा पापुद्रा पांढरा-ओलसर न राहता पिवळट, करकरीत, कागदासारखा झाला तर. आणि आधी जोरात असलेला आवाज मंदावत गेला तर. टोच निमुळत्या टोकाला पडली असेल तर पिल्लू उलटं आहे. अशा अंड्यावर जास्त लक्ष ठेवा, पण बरीचशी उलटी पिल्लंही आपली आपण निघतात. तुमच्या अंड्यात यातलं काहीच नाही. दिवा मालवून झोपा.

प्रश्न : पहिली चार पिल्लं निघाली, ती काढायला मशीन चार वेळा उघडलं. आता पाचव्या अंड्याची टोच पडून २६ तास झाले, आतला पापुद्रा वाळून पिल्लाला चिकटलाय. मदत करायची तर नेमकी कशी? (एक वाचक, परभणी)

कारण तुम्हीच लिहिलं आहे. झाकण उघडलं की आतली वाफ क्षणात जाते आणि टोच पडलेल्या अंड्याचा पापुद्रा आकसून पिल्लाभोवती आवळतो. मग त्याला फिरताच येत नाही. पिल्लाच्या पोटात बलक असतो, त्यावर ते दोन दिवस दाणा-पाण्याशिवाय राहतं. त्यामुळे निघालेली पिल्लं चोवीस तास आतच राहू द्यावीत. ती बाकीच्या अंड्यांना लाथा मारतात, अंडी गडगडतात. मारू देत, गडगडू देत.

आता मदतीचं. खोलीतला पंखा बंद करा. कोमट पाणी, इअरबड, बोथट चिमटा, मऊ टिश्यू पेपर आणि मोबाईलचा टॉर्च जवळ ठेवा. हात साबणाने धुऊन कोरडे करा. अंडं टॉर्चवर धरून हवेच्या कप्प्याची कड पेन्सिलने आखून घ्या. आजचं सगळं काम त्या रेषेच्या वरच्या बाजूला.

टोचेपासून सुरुवात करून चिमट्याने कवचाचे कण एकेक उचला. फक्त कवच. खालचा पापुद्रा तसाच राहू द्या. नखाएवढी जागा मोकळी झाली की इअरबड कोमट पाण्यात बुडवून, झटकून, पापुद्र्यावर हलक्या हाताने टेकवा. पुसायचं नाही. नाकपुड्यांपाशी तर एक थेंबही नको, पिल्लू तेवढ्याने गुदमरतं. वाळका पांढरा पापुद्रा ओला झाला की काचेसारखा होतो आणि खालचं दिसू लागतं.

आता नीट बघा. केसासारख्या लाल रेषा, विशेषतः भरलेल्या, दिसल्या तर काम तिथेच बंद. भोकाच्या कडेला, चोच मोकळी ठेवून, ओलसर टिश्यू लावा, अंडं मशीनमध्ये परत ठेवा, आर्द्रता ७० टक्क्यांपर्यंत न्या आणि चार ते सहा तासांनी पुन्हा बघा. चुकून थेंबभर रक्त आलंच तर चिमूटभर कॉर्नफ्लोअर लावून कोरड्या कापसाने धरून ठेवा आणि आजच्यापुरतं सोडून द्या.

रेषा दिसत नसतील, पापुद्रा नुसता रिकामा असेल, तर चोचीभोवती तो चिमट्याने जरासा फाडा. डोकं बहुधा उजव्या पंखाखाली खुपसलेलं असतं, ते अलगद बाहेर येऊ द्या. उघड्या पापुद्र्यावर खोबरेल तेलाचं बोट फिरवलं तर तो पुन्हा लवकर वाळत नाही. इथेही नाकपुड्या वगळून. झालं, एवढंच. खालचा अर्धा भाग पिल्लाने स्वतः पायाने ढकलून मोकळा करायचा. बेंबी अजून कवचाला जोडलेली असू शकते, म्हणून मांजराच्या पिल्लासारखं उचलून बाहेर ओढू नका. अर्ध्या कवचासकट मशीनमध्ये ठेवा. एक-दोन तासांत, कधी रात्रभरात, ते सुटं होतं.

मदत करून काढलेली पिल्लं वाढवावीत का, असं बरेच जण विचारतात. आपल्या चुकीने अडकलेलं पिल्लू इतरांसारखंच वाढतं. पण सगळं बरोबर असताना जे अशक्तपणामुळे निघालं नाही, ते जगलं तरी पुढे पैदाशीसाठी मी ठेवत नाही.

प्रश्न : जुलैत २० अंडी ठेवली, ७ पिल्लं निघाली. बाकीची फोडून पाहिली तर आत पूर्ण वाढलेली, ओलीचिंब, चिकट पिल्लं मेलेली. मशीनमध्ये पाणी रोज भरत होतो, तापमान ३७.५ होतं. चुकलं काय? (एक वाचक, कुडाळ)

पाणी रोज भरत होतात, हेच चुकलं. खरं तर शेवटच्या रात्री मदत करायची वेळ का येते, याचं उत्तर बहुतेक वेळा पहिल्या अठरा दिवसांत सापडतं.

अंड्याला वाळावं लागतं. अठराव्या दिवसापर्यंत त्याचं वजन सुमारे ११ ते १२ टक्के घटलं पाहिजे. त्या घटीतूनच हवेचा कप्पा मोठा होतो. कोकणात जुलैत घरातलीच हवा ८५-९० टक्के दमट, त्यात तुम्ही मशीनच्या ट्रेमध्ये पाणी ओतलं. अंडी वाळलीच नाहीत, कप्पा लहान राहिला आणि पिल्लाला पहिला श्वास घ्यायला जागा उरली नाही. पहिले अठरा दिवस ४५ ते ५० टक्के आर्द्रता पुरते, शेवटचे तीन दिवस ६५ ते ७०. कोकणात पावसाळ्यात पहिले अठरा दिवस ट्रे कोरडा ठेवून बघा. उलट एप्रिल-मेमध्ये मराठवाड्यात किंवा विदर्भात ट्रे दिवसातून दोनदा भरूनही काटा वर चढत नाही. त्यामुळे यूट्यूबवर अमुक इतकं पाणी घाला म्हणून सांगणारा माणूस कुठल्या गावात, कुठल्या महिन्यात बसलाय ते आधी बघा.

सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे वजन. सोनाराकडे असतो तसला छोटा डिजिटल काटा घ्या. अंडी ठेवताना प्रत्येकावर पेन्सिलने वजन लिहा. ४५ ग्रॅमचं गावरान अंडं अठराव्या दिवशी ४० ग्रॅमच्या आसपास यायला हवं. सातव्या दिवशी ते जेमतेम ग्रॅमभर उतरलं असेल तर पाणी काढा, तीन ग्रॅम उतरलं असेल तर वाढवा.

आणि आर्द्रतेचा मीटर खरं बोलतोय का, तेही तपासा. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंबभर पाण्याने ओलसर करा, विरघळू देऊ नका. झाकण आणि मीटर एका घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत आठ-दहा तास ठेवा. काटा ७५ वर आला पाहिजे. माझा एक मीटर ८६ दाखवत होता. म्हणजे त्याच्या भरवशावर मी कितीतरी घाणे ११ टक्क्यांनी चुकत होते.

तापमानाचंही एक सांगते. ३७.५ हा आकडा पंखा असलेल्या मशीनचा. थर्मोकोलच्या खोक्यात पंख्याशिवाय नुसता बल्ब लावला असेल तर वर ऊन आणि खाली गार असा फरक पडतो. तिथे अंड्यांच्या वरच्या कडेच्या पातळीला सुमारे ३८.५ हवं.

प्रश्न : सोळाव्या दिवशी आमच्याकडे चार तास लाईट गेली. अंडी टाकून द्यावी का? (एक वाचक, अंबड)

अजिबात नको. सोळाव्या दिवसाचं पिल्लू स्वतःची ऊबही तयार करत असतं. थोडं गार होणं त्याला सोसतं, फार तर निघायला काही तास, कधी एखादा दिवस उशीर होतो. कोंबडीही दाणा-पाण्याला उठतेच की. लाईट गेली की मशीन उघडू नका, वरून गोधडी टाका, पण हवेची भोकं बुजवू नका. दोन दिवसांनी टॉर्चवर बघा. आत काळं भरलेलं आणि हलतं दिसलं तर सगळं ठीक आहे.

मला भीती वाटते ती लाईट परत आल्यावरची. थर्मोस्टॅट अडकला आणि आतलं तापमान चाळिशीच्या वर गेलं तर गारव्याने चार तासांत जे झालं नाही ते थोडक्या वेळात होतं.

प्रश्न : आमच्या गावात अठराव्या दिवशी अंडी कोमट पाण्यात सोडतात. हललं तर जिवंत, नाही तर मेलेलं. हे बरोबर आहे का? (एक वाचक, जत)

हलतात हे खरं आहे. पण टॉर्च नसतानाची ही युक्ती आहे. कवचाला हजारो छिद्रं असतात, त्यातून मळकं पाणी आत जातं. आणि न दिसलेली बारीक टोच असेल तर पिल्लू बुडतं. हातात मोबाईल असताना हे कशाला? माझी आजी कोंबडी बसवताना टोपलीत कोळसा आणि खिळा ठेवायची, ढग गडगडले तरी अंडी नासू नयेत म्हणून. त्याने निदान अंड्यांचं नुकसान होत नव्हतं.

प्रश्न : माझ्या मुलीने दुकानातली सहा पांढरी अंडी आणून बल्बखाली ठेवली आहेत. रोज विचारते, पिल्लू कधी येणार? (एक वाचक, पुणे)

येणार नाही. ती लेयर फार्मची, म्हणजे फक्त खायच्या अंड्यांसाठी कोंबड्या पाळतात तिथली अंडी, तिथे कोंबडा नसतोच. तिला सांगा आणि गावाकडून, कोंबडा असलेल्या घरून, सात दिवसांच्या आतली अंडी मागवा. फ्रिजमध्ये न ठेवलेली, निमुळतं टोक खाली करून ठेवलेली. प्रवासाने आलेली अंडी बारा तास तशीच उभी राहू द्या, मग मशीनमध्ये ठेवा. एकवीस दिवस धरा. बदकाची अंडी मागवलीत तर अठ्ठावीस.

प्रश्न : एक पिल्लू निघालं, पण बेंबीला वाटाण्याएवढं पिवळं काहीतरी लोंबतंय. दुसऱ्याचे पाय दोन्ही बाजूंना फाकलेत, उभं राहत नाही. (एक वाचक, सिन्नर)

पिवळं आहे ते आत जायचं राहिलेला बलक. कापू नका, ओढू नका. हे पिल्लू बहुधा थोडं लवकर निघालं. मशीन गरम चालत असलं तरी असं होतं. छोट्या वाटीत ओलसर टिश्यू घालून पिल्लू त्यात बसवा, म्हणजे फार हालचाल होणार नाही आणि बाकीची चोची मारणार नाहीत. वाटी मशीनमध्येच ठेवा. बेंबीला पाण्यात पातळ केलेलं बेटाडीन टेकवा. बहुतेकदा दिवसभरात ते आत ओढलं जातं किंवा वाळून गळतं. वास येऊ लागला, पोट निळसर-फुगलेलं दिसलं, तर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. पण अशी पिल्लं वाचणं अवघड असतं.

फाकलेल्या पायांचं काम सोपं आहे, फक्त लवकर करायला हवं. तुम्ही खाली गुळगुळीत वर्तमानपत्र अंथरलं असणार. पिल्लाचे पाय त्यावर सटकत राहतात. आधी ते काढून खरबरीत फडका किंवा गोणपाट टाका. मग औषधाच्या दुकानातल्या चिकट पट्टीची बारीक चिंधी कापा आणि दोन्ही पायांना आठच्या आकड्यासारखी बांधा. पायांत दोन-अडीच सेंटिमीटर अंतर राहावं, म्हणजे पिल्लू उभं राहिलं की पाय बरोबर अंगाखाली येतात. पट्टी घट्ट नको, पंजे सुजतात का बघत राहा. सुरुवातीला ते तोंडावर पडेल, ओरडेल. चोच गुळाच्या पाण्यात बुडवून प्यायला शिकवा, पाण्याचं भांडं उथळ ठेवा आणि त्यात चार गोट्या टाका, म्हणजे बुडणार नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पट्टी सोडा आणि मोकळ्या फडक्यावर दोन पावलं चालवून बघा. अजून फाकत असतील तर आणखी एक दिवस बांधा.